कापायला ठेवलेलं वाक्य

संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळी अंक आहे जाधवसाहेब, जरा गोड लिहा." मी म्हटलं, "डॉक्टरांनी गोड बंद केलंय." ते हसले. मी हसवायला बोललो नव्हतो.

माझी नोकरी काय होती, हे माझ्या घरातही धड कुणाला सांगता आलं नाही. माझे व्याही निगडीला प्राधिकरणात राहतात. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या सोसायटीला दोन वॉचमन हवेत. तुमच्याकडचे मिळतील का, घरातल्यासारखा भाव लावून?" मी एका सुरक्षा धोरण संशोधन केंद्राचा संचालक होतो. म्हणजे 'प्रभारी' संचालक. तो शब्द माझ्या दारावरच्या पाटीवर सात वर्षं होता. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी काम सांगतो. सुरक्षा म्हटलं की लोकांना सीमेवरचा जवान आठवतो, नाहीतर एटीएमबाहेर खुर्चीत पेंगणारा म्हातारा. या दोघांच्या मधे बरंच काही असतं. पिंपरीपासून चाकणपर्यंत आणि तिकडे तळेगावच्या एमआयडीसीपर्यंत रोज सकाळी जी माणसं कारखान्यांच्या गेटांतून आत जातात, ती संध्याकाळी धडधाकट बाहेर येतील का, हा आमचा विषय. रस्ता ट्रकांनी तुंबलेला असताना टाकी फुटली तर? एखाद्या अफवेने वस्ती रस्त्यावर उतरली तर? कुणी कुणाला फोन करायचा, आणि तो उचलला जाणार का? हे आम्ही पायी फिरून, विचारून, लिहून काढायचो आणि सरकारला, पोलिसांना, कंपन्यांना सांगायचो की नियम असा करा. चोर पकडणारे वेगळे, आग विझवणारे वेगळे. आम्ही त्यांच्या आधी जाऊन लिहून ठेवणारे. आमचं ऐकलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल आजवर कुणी कुणाचे आभार मानलेले नाहीत.

केंद्र होतं कारखानदारांनी मिळून काढलेल्या एका न्यासाचं. संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. बहुतेक मंडळी गणवेश उतरवून आलेली. मी आलो खरेदीखात्यातून. वडील तळेगावात सायकली दुरुस्त करायचे. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला लागलो, कामावरून सुटून शिकलो आणि बावीस वर्षं खरेदीत काढली. कुलपं, भोंगे, हेल्मेटं, पहारेकऱ्यांचे बूट, सगळं घासाघीस करून घेतलेलं. केंद्राने मला घेतलं, कारण गणवेशवाल्यांना कंपन्या दारात चहा पाजून परत पाठवायच्या. मला आत घ्यायच्या. प्रत्येक कंपनीच्या खरेदीखात्यात माझा एक तरी माणूस होता, आणि त्यातल्या निम्म्यांशी मी कधी ना कधी भांडलेलो होतो. भांडलेला माणूस विसरत नाही.

आमच्या सल्लागारांना सगळे मेजरसाहेब म्हणत. उत्तम इस्त्री, उत्तम इंग्रजी. मला ते पहिल्या दिवसापासून "खरेदीखाते" म्हणायचे. "काय खरेदीखाते, आज काय भाव?" लोक हसायचे. मीही हसायचो, आणि आत कुठेतरी लिहून ठेवायचो.

माझी किंमत त्यांना तळेगावच्या एका कारखान्यात कळली. सरावासाठी आणीबाणीचा भोंगा वाजवला. पाच मिनिटांत अख्खा कारखाना कॅन्टीनच्या रांगेत, हातात ताटं. जेवणाच्या सुट्टीचा आणि आगीचा भोंगा एकच होता! मेजरसाहेबांनी यावर सहा पानी टिपण लिहिलं. मालकाने ते वाचलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. तो म्हणाला, "हा भोंगा वडिलांनी बसवलाय, बदलायचा नाही."

मी म्हटलं, "बदलू नकाच. वडिलांचा भोंगा फक्त आगीला ठेवू. जेवणाला साधी घंटा घ्या."

"वडिलांचा भोंगा आगीला? अहो, तोंडाला काही धरबंध? तो जेवणालाच वाजणार. आगीला तुम्ही काय हवं ते नवीन आणा!"

मी तोंड पाडलं, दोनदा नाही म्हणालो आणि शेवटी कबूल झालो. त्याला जिंकल्यासारखं वाटलं. मला पहिल्यापासून तेच हवं होतं.

खरेदीत माणूस हे पहिलं शिकतो. जे सोडायचंय ते आधी मागून ठेवायचं. हीच युक्ती मी अहवालांत आणली. आमच्या धंद्यात अहवाल छापण्याआधी त्याचा मसुदा संबंधित कंपन्यांकडे जातो. त्याला तथ्यपडताळणी म्हणतात. नाव भारदस्त आहे, प्रत्यक्षात ती मंडई असते. प्रत्येक कंपनी लाल पेन घेऊन बसते आणि तिला झोंबणारं वाक्य कापायला लावते. काही कापल्याशिवाय त्यांना उठवतच नाही. म्हणून मी मसुद्यात दोन-तीन झणझणीत वाक्यं कापण्यासाठीच टाकायचो. ती त्यांनी कापायची, मी कुरकुर करायची आणि त्या बदल्यात खरी शिफारस वाचवायची. सात वर्षांत या वाक्यांनी मला काय काय मिळवून दिलं! मेजरसाहेबांना ही युक्ती ठाऊक होती. ते तिला बाजारूपणा म्हणायचे, आणि त्यातून वाचलेल्या शिफारशी परिषदेत स्वतः वाचून दाखवायचे.

आता चाकणचं.

आम्ही चाकणच्या सात कंपन्यांच्या मागच्या गेटांचा अभ्यास घेतला होता. पुढचं गेट सगळे बघतात. मागचं गेट आग लागल्यावरच आठवतं. सातही ठिकाणी मागच्या गेटला कुलूप, आणि किल्ली कुठे, हे विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा. त्यातली एक कंपनी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. शिवणखात्यात सगळ्या बायका आणि त्याचं दार मागच्या गेटलगत, त्यामुळे त्यांच्या झडतीसाठी त्या गेटवर बाईच पहाऱ्यावर होती. लताबाई. बीडकडची. नवरा गाड्या धुवायच्या सेंटरवर, दोन लेकरं चाकणच्या शाळेत. सहा वर्षं त्याच गेटवर. बुटकी, कडक, आणि टोपी कायम सरळ.

मी उलट्या क्रेटवर बसलो आणि विचारलं, "या कुलपाची किल्ली कुठंय?"

"निगडीला."

"निगडीला कुठे?"

"सुपरवायझरसाहेबांच्या गाडीच्या चाव्यांत अडकवलेली हाय. त्ये निगडीला ऱ्हातेत. गेटावर ठिवली तर चोरीला जाईल म्हणतेत."

"आणि आत आग लागली तर?"

त्यांनी गेटच्या गजांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लागली व्हती."

फोमच्या कचऱ्याला दुपारी आग लागली होती. मोठी नव्हे, पण फोमचा धूर काळा आणि घशात बसणारा. पुढच्या गेटला ट्रक उभे, म्हणून शिवणखात्यातल्या तीसेक बायका मागे पळत आल्या. गेट बंद. सुपरवायझरला फोन लावला तर तो म्हणाला, निघतो. निगडीहून निघतो! बायका गजांना धरून ओरडत होत्या, त्यांत लताबाईंची सख्खी जाऊ होती. बाहेरच्या रस्त्यावर एक ट्रक टायर बदलत उभा होता. लताबाईंनी ड्रायव्हरला हाक मारून त्याची टॉमी, म्हणजे टायर काढायची लोखंडी कांब, गजांतून आत घेतली आणि कुलूप तोडलं. कुणाला काही झालं नाही. चार दिवस खोकला, एवढंच. सुपरवायझर आला तेव्हा धूर विरला होता. त्याने वहीत लिहिलं, "कुलूप जुने झाल्याने निखळले. नवीन लावले." खाली लताबाईंची सही घेतली. नव्या कुलपाची किल्ली घेऊन तो निगडीला गेला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "किल्लीचं लिवा. टॉमीचं लिवू नका."

"तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"नावाचं न्हाई म्हनत मी. टॉमीचं म्हनते."

मी हो म्हणालो. वहीत तशी खूण केली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

मसुदा लिहायला बसलो तेव्हा मला एकच शिफारस हवी होती: मागच्या गेटची किल्ली त्या गेटवरच, पहाऱ्यावरच्या माणसाच्या हाताशी असावी. सात कंपन्या एकाच एजन्सीचे पहारेकरी वापरत होत्या आणि एजन्सी सांगेल ते ऐकत होत्या. ही शिफारस त्या सहज मान्य करणार नाहीत, हे मला दिसत होतं. कापायला काहीतरी जबरदस्त द्यायला हवं होतं. आणि माझ्या वहीत ते होतं.

मी लिहिलं: "एका कारखान्यात आणीबाणीच्या वेळी मागच्या गेटवरील महिला सुरक्षारक्षकाला ट्रकचालकाकडून टॉमी घेऊन कुलूप तोडावे लागले." कंपनीचं नाव नाही, बाईचं नाव नाही. शिवाय हे वाक्य छापलं जाणारच नव्हतं. ते कापण्यासाठीच होतं. मी स्वतःला एवढंच सांगितलं: छापलं नाही म्हणजे लिहिलं नाही.

बैठकीला सातही कंपन्यांचे प्रशासन अधिकारी आले. सीटकव्हरवाल्या कंपनीचे पाटणकर माझ्यासमोर. माझ्या अपेक्षेप्रमाणे सगळे त्या वाक्यावर तुटून पडले.

"हे काय सिनेमातलं लिहिलंय? आमची अब्रू काढताय का?"

"खरं आहे ते."

"खरं असेल, पण जाणार. हे छापलं तर आम्ही अहवालातून अंग काढून घेतो."

मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, अर्धा तास घसा कोरडा केला. मग हळूहळू उतरलो. "ठीक आहे. वाक्य जाईल. पण किल्लीची शिफारस तशीच राहील."

पाटणकर आतापर्यंत गप्प होते. तो माणूस मसुद्याकडे बघत होता, पुन्हा पुन्हा त्याच ओळीकडे. तेव्हा मला वाटलं, घाबरलाय. ते शांतपणे म्हणाले, "किल्ली उघड्यावर नको. गेटवर पेटीत ठेवू." मी लगेच होकार दिला. पेटी तर पेटी. तासाभरात सौदा झाला. जिन्यावर मेजरसाहेबसुद्धा म्हणाले, "मानलं, खरेदीखाते." न्यासाचे अध्यक्ष आप्पा खूश झाले. आप्पा इथल्याच जुन्या गावचे. जमिनी एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी गोदामं बांधली आणि बोली मात्र गावचीच ठेवली. म्हणाले, "जाधव, पुढल्या बैठकीत त्ये प्रभारी काढून टाकू. लय दिवस झालं."

अहवाल छापून आला. त्यात टॉमीचा शब्दही नव्हता.

तीन आठवड्यांनी लताबाई केंद्रावर आल्या. चाकणहून दोन बस बदलून. हातात पाकीट. आत एजन्सीचं पत्र: सुरक्षारक्षकासाठी ठरवलेल्या उंचीत आपण बसत नसल्याने आपली सेवा थांबवण्यात येत आहे.

"सहा वर्सं उंची पुरली," त्या म्हणाल्या. "आता कशी कमी पडली साहेब?"

मी अहवाल काढून दाखवायला लागलो. "हे बघा, यात कुठेही..."

"म्या बघितला. पाटणकरसाहेबांनीच दाखवला. म्हनले, ह्यात न्हाई, पण ह्याच्या आधीच्यात व्हतं. टॉमी कुनी आनली, मला सांग. मागल्या गेटावर सातांत बाई फकस्त आमच्याच कंपनीत हाय."

एवढं साधं होतं. सात कंपन्यांच्या मागच्या गेटांची यादी माझ्याच हातची. बाई एकाच गेटवर आहे, हे त्या यादीत मीच लिहिलं होतं. कंपनीच्या लेखी मसुदा हातात येईपर्यंत कुलूप निखळलं होतं. पाटणकरांना खरं काय ते सांगितलं माझ्या वाक्याने. सहा अधिकाऱ्यांनी ते नुसतं कापलं. सातव्याने वाचलं. जगात एकच माणूस असा होता की ज्याने ते वाचायला नको होतं, आणि मी ते पाकिटात घालून, पोच घेऊन, त्यालाच पाठवलं होतं. गणवेशवाल्याच्या हातून हे झालं नसतं. पीएचडीवाल्याच्याही नाही. असली चूक घासाघीस करणाराच करतो. टेबलावर टाकलेला माल समोरचा हातात घेऊन बघतो, हे बावीस वर्षं घोकलेला माणूस करतो.

मी तसाच चाकणला गेलो. पाटणकरांच्या केबिनचं दार मी ढकललं तसं ते भिंतीवर आपटलं.

"उंची? सहा वर्षांनी उंची? लाज वाटत नाही?"

"बसा जाधवसाहेब. उंचीचा निकष एजन्सीचा आहे. आमचा काय संबंध?"

"तुम्ही तिला का काढलंत ते मला माहीत आहे."

"का काढलं?" पाटणकर खुर्चीत मागे रेलले. "सांगा ना. तुमच्या अहवालात ना आमच्या कंपनीचं नाव, ना तिचं. ते वाक्य एकतर सामान्य होतं, नाहीतर तिने सांगितलेलं होतं. तिने सांगितलं असं तुम्ही लेखी देताय का? द्या. मग बोलू. कंपनीचं कुलूप तोडलं आणि वहीत खोटी सही केली म्हणून कारवाई करायला मला बरंच होईल."

मी आयुष्यात पुष्कळ भावबोलणी केली. समोरच्याने माझ्याच तराजूत मला एवढं नीट तोललेलं पुन्हा कधी बघितलं नाही. तिची बाजू घ्यायची तर ती माझा स्रोत होती हे कबूल करायला हवं. कबूल केलं की ती पुरती अडकली. मी शिव्या दिल्या. त्यांनी पाणी मागवलं.

मग आप्पा. आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ जाधव, ओरडून काय व्हनार न्हाई. पाटणकरची कंपनी आपली वर्गणीदार हाय. बाईला मी तळेगावला लावतो, माझ्या वळखीच्या कारखान्यात. तू गप ऱ्हा. सोमवारी पाटी बदलू."

"पाटीचा आणि याचा काय संबंध?"

"संबंध न्हाईच. पन दोन्ही येकाच बैठकीत हाय."

मला राग यायला हवा होता. आता येतो. तेव्हा मात्र मी हिशेब केला: बाईला काम, मला पाटी, अहवालात शिफारस. तिन्ही बाजूंनी सौदा बसत होता. मी हो म्हणालो, आणि आपण काहीतरी मिळवलं अशा थाटात लताबाईंच्या खोलीवर ते सांगायला गेलो.

त्या एका मेससाठी चपात्या लाटत होत्या. जाऊ शेजारी बसून भाजत होती. तिची त्या दिवशी सुट्टी होती. मी तळेगावचं सांगितलं.

"तळेगाव?" लताबाई म्हणाल्या. "आन लेकरांची शाळा? सकाळच्या शिफ्टला हितनं तळेगावला कशी पोचू? तुमी यिता का सोडाया?"

"काहीतरी सोय..."

"ऱ्हाऊ द्या. हे काम बरं हाय. हितं उंची लागत न्हाई." जाऊ हसली. त्या हसल्या नाहीत. लाटणं थांबवून म्हणाल्या, "किल्ली आली का गेटावर?"

मी म्हटलं, "अहवालात शिफारस आहे. सातही कंपन्यांनी मान्य केलीय."

"अहवालाचं न्हाई इचारलं. गेटावर आली का?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर मी त्या शिफारशीबद्दल टाळ्या घेत होतो आणि एकदाही त्या गेटवर जाऊन बघितलं नव्हतं.

"पेटी आलीया," जाऊ म्हणाली. "लाल. आत किल्ली दिसती."

"मग झालं की!" मी म्हणालो.

"जाऊन बगा," ती म्हणाली आणि चपाती उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. लताबाईंच्या जागी एक उंच माणूस उभा होता. उंची भरपूर. त्याच्या मागे भिंतीवर लाल पेटी, पुढे जाड पारदर्शक झाकण, आत खिळ्याला किल्ली. वर छापील पट्टी: "आणीबाणीसाठी." आणि पेटीला कुलूप.

"या पेटीची किल्ली?" मी विचारलं.

"सुपरवायझरसाहेबांकडं."

"ते कुठे असतात?"

"निगडीला."

"पेटीला कुलूप कशाला?"

"आतली किल्ली चोरीला जाऊ नये म्हणून, साहेब." तो अगदी सरळपणे म्हणाला. त्याला तेच सांगितलं होतं. मग थोडं थांबून म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदात पेटी ठेवा असंच हाय. कुलूप लावू नका असं कुठं हाय?"

माझ्या सौद्याची ही किंमत होती. भिंतीवर टांगलेली, लाल रंगाची. पाटणकरांनी "पेटीत" म्हटलं आणि मी कापायच्या वाक्याच्या आनंदात त्या एका शब्दावर घासाघीसच केली नव्हती.

रस्त्याकडेला दोन ट्रक उभे होते. मी पहिल्या ड्रायव्हरला गजांतून हाक मारून टॉमी मागितली. "काय करताय काका?" तो म्हणाला. "बघ," मी म्हणालो. पहिल्या घावात काही झालं नाही. माझं वय झालेलं, आणि नुसत्या रागाने हातात जोर येत नाही. तिसऱ्या घावात पेटीची कडी निघाली. मी किल्ली काढली, मागचं गेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शिवणखात्याच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. किल्ली मी त्या उंच माणसाच्या हातात दिली.

"खिशात ठेव."

"खिशात ठेवायचा नियम न्हाई साहेब."

"मग आजपासून आहे. मी संचालक आहे," मी म्हणालो. प्रभारी हा शब्द तेवढा एकदाच गाळला.

सोमवारच्या बैठकीत पाटीचा विषय आला नाही, माझा आला. खासगी मालमत्तेची नासधूस, वर्गणीदार संस्थेशी गैरवर्तन, पदाचा चुकीचा उल्लेख. तिसरा आरोप मेजरसाहेबांनी घातला होता. मी म्हटलं, "तुमचाच आवडता अहवाल आहे. त्यातली शिफारस मी अमलात आणली." आप्पा खाली बघत म्हणाले, "जाधव, तुला सगळं जमतं रे, पन थांबाया जमत न्हाई." मी राजीनामा लिहून दिला. निरोपसमारंभ झाला नाही. मेजरसाहेब संचालक झाले. त्यांच्या पाटीवर प्रभारी नाही. पहिल्या दिवसापासून नाही.

त्याबद्दल मी रागावलेलो आहे आणि मरेपर्यंत राहीन. माझ्या जागी बसलेल्या माणसाने एकाही मागच्या गेटला हात लावून बघितलेला नाही. पाटणकरांना बढती मिळाली. एजन्सीने सातही गेटांवर नव्या पेट्या लावल्या आहेत, पहिल्यापेक्षा जाड. पण माझ्या रागाचा सगळ्यात मोठा वाटेकरी मीच आहे. मला एका बाईने एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली होती, तीही सरळ मराठीत. मी ती विकली, आणि भाव चांगला आला म्हणून खूश झालो.

हा लेख लिहून झाल्यावर मी तथ्यपडताळणी केली. या वेळी मसुदा कंपनीला पाठवला नाही. चाकणला गेलो. लताबाईंना आणि त्यांच्या जावेला चपात्यांच्या परातीशेजारी बसून पहिल्यापासून वाचून दाखवला. नावं बदलली आहेत, गावंही एक-दोन इकडची तिकडे केली आहेत, हे सांगितलं. पेटी फोडली त्या दिवशी सुपरवायझर निगडीहून येऊन किल्ली परत घेईपर्यंत ती तासभर गेटवर होती. त्या तासाभरात काय झालं यावर मी एक परिच्छेद लिहिला होता. लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद होता. तो ऐकून जावेने चपाती तव्यावरच ठेवून लताबाईंकडे बघितलं.

लताबाई म्हणाल्या, "टॉमीचं आता खुशाल छापा. माजं काय जायाचं ऱ्हायलंय? पन किल्लीचं लिवू नका. ती आता कुठं असती, कुनाकडं असती, ह्ये कागदावर नगं."

"नाव घातलेलं नाही कुणाचं."

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी पेन काढलं आणि परिच्छेद तिथेच खोडला. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी ते पान मागून घेतलं, चुलीत घातलं आणि ते जळेपर्यंत हात पुसत उभ्या राहिल्या. संपादकांकडे जो मसुदा गेला त्यात तो परिच्छेद नव्हता. माझ्याकडे त्याची प्रत नाही. त्या कंपनीच्या शिवणखात्यात तीसेक बायका आहेत. जे त्यांना माहीत असायला हवं ते त्यांना माहीत आहे.